साखळीवरच्या चिंध्या

बगळीच्या नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, रहाट बारकीच्या जन्माआधीपासून तिथं होता. विहिरीवरच्या रहाटाचाच हा थोराड भाऊ. फरक एवढाच, की विहिरीच्या रहाटाला घागर बांधतात आणि याला नांगर. आडव्या लोखंडी दांड्यावर दोन चाकं होती. एका चाकाला खाचा होत्या आणि त्यांत साखळीची कडी न कडी नेमकी बसायची. दुसरं चाक गुळगुळीत, ते दोरासाठी. बाजूला ब्रेकची मूठ. नांगर सोडायचा तर मूठ ढिली करायची, आणि वर घ्यायचा तर हातभर लांब दांडा पुढे-मागे करत घामाघूम व्हायचं. आता बटण दाबलं की नांगर मुकाट्यानं वर येतो. तेव्हा तो माणसांच्या कंबरा मोडत यायचा आणि त्याच्याबरोबर चार नव्या शिव्याही वर यायच्या.

बगळी ही अप्पांची होडी. पांढरं शीड आणि पुढे काढलेली लांब मान, म्हणून बगळी. बारकी ही अप्पांची धाकटी लेक. छत्तिशी उलटली, केसांत रुपेरी तार दिसू लागली, तरी बारकी ती बारकीच.

नांगराला आधी चाळीस वाव साखळी होती आणि तिच्यामागे मनगटाएवढा दोर. दोन्ही हात पसरले की एक वाव. समुद्रावर मोजपट्टी माणसाच्या अंगावरच असते. साखळी आणि दोर जिथं एकमेकांत विणले होते तो सांधा. सांधा चाकापाशी आला की साखळी खाचांमधून उचलून दोर गुळगुळीत चाकावर चढवावा लागे. त्या वेळी नांगराचा सगळा भार हातावर येऊ नये म्हणून आधी साखळीत लोखंडी आकडा अडकवायचा आणि आकड्याचा दोर खुंटाला बांधायचा. "आधी आकडा, मग हात," असा बारकीच्या आईचा नियम होता. चुलीवरचं पातेलं उतरवायला कुणी घाईनं धावलं तरी ती हेच म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

साखळीवर खुणाही आईनंच बांधलेल्या. दर दहा वावांवर जुन्या चादरीची एक चिंधी. दहाच्या चिंधीला एक गाठ, वीसच्या चिंधीला दोन, तीसच्या चिंधीला तीन, आणि सांधा दोन वावांवर आला की एक मुठीएवढं जाड बोचकं. खाऱ्या पाण्यानं सगळ्या चिंध्या एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. कुठली कितवी हे सांगणं डोळ्यांना अवघडच होतं. बारकीला ते नेहमी विचित्र वाटे. निदान वेगवेगळ्या रंगाच्या तरी बांधायच्या. एकदा तिनं तसं विचारलंही होतं. आई म्हणाली, "तुझ्या अप्पांना अशाच आवडतात." आणि विषय संपला.

आई गेल्या वर्षी गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. त्यानंतर बगळी वर्षभर किनाऱ्यावर पडून राहिली. तळाच्या तीन फळ्या बदलायला हव्या होत्या आणि ते काम करणारा सुतार खाडीच्या पलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. अप्पा म्हणाले, आपण नेऊ. थोरला लेक म्हणाला, या वयात कशाला, भाड्याची बोट लावून ओढून नेऊ. अप्पांनी आठ दिवस त्याच्याकडे राहून त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "ठीक आहे. परवा निघतो."

त्या आठ दिवसांत बारकीनं अप्पांसाठी गुपचूप एक काम केलं. साखळी अंगणात पसरली, तारेच्या ब्रशनं कडी न कडी घासली, गंज काढला. कुजक्या चिंध्या कापून टाकल्या आणि प्रत्येक चिंधीच्या जागी, बोटभरही न हलता, लालभडक रंग लावला. दहाला एक पट्टा, वीसला दोन, तीसला तीन. सांध्याच्या आधी जिथं बोचकं होतं तिथं हातभर पांढरा रंग. काम इतकं देखणं झालं की तिलाच कौतुक वाटलं. ब्रश पुसायला कापड सापडेना, तेव्हा तिनं त्याच चिंध्या वापरल्या.

बगळीवर तिघंच होते. अप्पा, बारकी आणि तिचा नवरा. त्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. समुद्राचा अनुभव म्हणाल तर लग्नानंतर दोनदा ओकून झालेला. पण माणूस हौशी. "पाणी वर चढवणं हाच आपला धंदा," तो म्हणायचा, "नांगर काय, नारळाएवढा."

"नारळ फोडायचा असतो, जावईबापू," अप्पा म्हणाले. "इथं आपलं डोकं फुटतं."

पहिला दिवस चांगला गेला. वारा मंद आणि पाठीशी होता. दुपार कलताना एका टेकडीच्या आडोशाला नांगर टाकायचं ठरलं. बारकी ब्रेकवर बसली. ती आईची जागा. अप्पा त्यांच्या नेहमीच्या जागी, रहाटाच्या मागे, साखळी कोठीच्या भोकातून वर येते तिथं गुडघे टेकून बसले आणि तळहात साखळीवर अलगद ठेवला. लहानपणापासून तिनं हे पाहिलं होतं. हळूहळू ब्रेक सोडायचा, साखळी त्यांच्या हाताखालून सरकायची, आणि अप्पा न बघता सांगायचे, दहा, वीस, दाब आता.

"सोड," अप्पा म्हणाले.

साखळी खडखडत निघाली. थोडी गेली असेल, तोच अप्पांचा हात घुटमळला.

"थांब. चिंध्या कुठं आहेत?"

"काढल्या," बारकी म्हणाली. तिला हसू दाबता येईना. "कुजल्या होत्या अप्पा. रंग लावलाय. दहाला एक पट्टा, वीसला दोन. आईच्याच खुणांवर, जराही इकडेतिकडे नाही. दुरूनसुद्धा दिसतात."

अप्पांनी मान खाली घातली. आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा साखळीवरून हात मागे-पुढे फिरवला.

"दिसतात," ते म्हणाले. "बरं केलंस."

विहिरीत दगड टाकावा आणि बराच वेळ आवाजच येऊ नये, तसं तिला झालं. मग वाटलं, आईची आठवण आली असणार. आपणच मूर्ख, तिच्या हातच्या गाठी होत्या त्या. विषय हलका करायला ती दुकानदारासारखी ओरडून सांगू लागली, "हा गेला एक पट्टा. हे बघा, हे दोन पट्टे. माल पसंत आहे का, तांडेल?"

"पसंत आहे," अप्पा म्हणाले. "दाब."

नांगर पक्का बसला. चहा झाला. अप्पांनी स्वतः किटली उचलली आणि पहिली धार पेल्याच्या बाहेर, फळीवर गेली.

"होडी हलली," ते म्हणाले.

होडी हलली नव्हती. पाणी तेलासारखं सपाट होतं. बारकीनं फडक्यानं फळी पुसली. माणूस सत्तरीचा झाला की हात कापतोच, तिनं स्वतःला सांगितलं. पण हात कापत नव्हता. धार अगदी सरळ पडली होती, फक्त दोन बोटं डावीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हवेचं काही खरं नव्हतं. उकडत होतं. वारा यायचा आणि वाक्य अर्धवट टाकून निघून जावं तसा जायचा. एकही पक्षी नव्हता. अप्पा सुकाणूवर बसले होते, गाल वाऱ्याकडे करून. त्यांनी जावयाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ही त्यांची जुनी खोड. आईचीही घ्यायचे.

"जावईबापू, परीक्षा. त्या डोंगराच्या माथ्यावर काय दिसतंय?"

"ढग."

"ढग काय आंधळ्यालाही दिसेल. कसला ढग? कापसाचा की राखेचा?"

"राखेचा म्हणा. खालून काळा, कडेनं तांबूस."

"केव्हा पोचेल इथं?"

"ते आता त्यालाच विचारावं लागेल."

"नापास," अप्पा म्हणाले. "दुपारपर्यंत येतो तो. बरं, समोर किनाऱ्यावर माणसं दिसतात का? होड्या ओढून वर घेतायत की पाण्यातच आहेत?"

"वर ओढलेल्या दिसतात."

"आणि पाण्याचा रंग? उजवीकडचा?"

"अप्पा, वर्षाचा पेपर एका सकाळी घेताय तुम्ही."

अप्पा हसले. बारकीही हसली. तिला आठवलं, आई मात्र या परीक्षेला कधी हसायची नाही. अप्पांनी विचारलं की लगेच, शाळेत नंबर लावायचा असल्यासारखं सांगून मोकळी व्हायची. ढग असा, पाणी तसं, अमुक हातावर जाळ्याचा तरंगता डबा. बारकीला वाटे, म्हातारा-म्हातारीचं लाडीगोडीचं खेळणं आहे. आपण मध्ये पडू नये.

तासाभरात एक तरंगता डबा नाळेच्या उजवीकडून अगदी अंगाला घासून गेला. चांगला पिवळाधमक, खालच्या जाळ्याच्या दोरासकट. बारकी ओरडेपर्यंत अप्पांनी सुकाणू हलवलंच नाही.

"पाहिला होता मी," अप्पा म्हणाले.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा डब्याकडे पाहत होता.

दुपार व्हायच्या आत तो ढग खरंच आला. पलीकडे पोचणं आता शक्य नव्हतं. एकच आडोसा होता. किनाऱ्याच्या एका वाकणात पाण्यातून वर आलेले दोन काळे खडक होते, त्यांना सगळे दाढा म्हणायचे. दाढांच्या आत शिरलं की लाट अडायची. पण तिथं नांगर धरला नाही तर होडी त्याच दाढांवर जायची. आत येताना आडोसा आणि बाहेर जाताना मरण. अप्पांनी सुकाणू बारकीच्या हातात दिलं. "आत घ्या."

बगळी रिकामी होती. भरलेली होडी पाण्यात बसते, रिकामी पाण्यावर बसते, आणि वाऱ्याला तिचं सगळं अंग सापडतं. आत शिरता शिरता पहिली सर आली. बारकीला सुकाणू सोडता येईना, म्हणून ब्रेकवर नवरा गेला. अप्पांनी शिशाची दोरी टाकून पाणी मोजलं. त्या दोरीला आईच्या गाठी अजून होत्या. "सहा वाव," ते म्हणाले. पाण्याच्या पाचपट सोडायचं, हे पोराटोरांनाही पाठ असतं. म्हणजे तीस.

पावसानं आणि शिडाच्या फडफडीनं नाळेवरचं बोलणं मागे ऐकू येत नव्हतं. बारकीला दिसलं ते इतकंच. नवरा दोन्ही हातांनी ब्रेक धरून बसला होता, अप्पा साखळीपाशी वाकले होते. मध्येच अप्पांनी मान वर करून काही विचारलं. नवऱ्यानं हसून काही उत्तर दिलं. अप्पांनी साखळीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांचा आवाज आला, मोठा आणि ठाम. "तीस. दाबा."

शीड उतरवलं. बगळी साखळीवर ताणून उभी राहिली. तिघं कोठीच्या छपराखाली बसून राहिले. वारा आता मधे थांबत नव्हता.

तास झाला असेल. बारकीनं एक खूण धरून दोघांनाही सांगून ठेवली होती, किनाऱ्यावरचं एक वाकडं झाड आणि त्याच्यामागचा पांढरा दगड, एका रेषेत. तिनं पुन्हा पाहिलं तर झाडामागे दगड नव्हता. झाडाच्या बाजूला आला होता.

ती नाळेवर गेली आणि आईनं शिकवलं होतं तसं साखळीवर तळवा टेकला. नांगर धरून असला की साखळी मुकी असते. घसरत असला की ती पोटातल्या पोटात कुरकुरते. साखळी कुरकुरत होती. तळावरचा एकेक दगड तिच्या हाताला कळत होता.

आणि मग तिला पट्टे दिसले. चाकाच्या पुढे, पाण्याकडे जाणाऱ्या साखळीवर, वीतभर अंतरावर. लालभडक. दोन.

ती नवऱ्याकडे वळली. "किती सोडली होती?"

"तीस. अप्पा म्हणाले ना."

"अहो, इथं दोन पट्टे आहेत. दोन म्हणजे वीस."

"मला दिसले होते दोन," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, यांचं काही वेगळं गणित असेल. मला विचारत होते ते, जावईबापू, परीक्षा, किती पट्टे गेले? मी म्हटलं, सकाळपासून नापास होतोय, आता तुम्हीच सांगा. मग ते म्हणाले, तीस."

अप्पा मागे येऊन उभे होते.

"तीसच आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं साखळी सोडतोय मी."

बारकीनं त्यांच्याकडे पाहिलं. पाऊस त्यांच्या पापण्यांवरून गळत होता आणि ते तो पुसत नव्हते. पेल्याच्या डावीकडे पडलेली चहाची सरळ धार तिला आठवली. पिवळा डबा आठवला. आईचं न हसता उत्तरं देणं आठवलं.

"अप्पा," ती म्हणाली, "परीक्षा."

त्यांचा चेहरा तिच्या आवाजाकडे वळला.

"इथं, चाकाच्या पुढे, साखळीवर किती पट्टे आहेत?"

त्यांनी पाहिलं. म्हणजे मान त्या बाजूला केली. त्यांची नजर साखळीच्या बाजूला, हातभर लांब, रिकाम्या पाण्यावर जाऊन थांबली. मग त्यांनी हात पुढे केला, साखळी सापडेपर्यंत चाचपडला, आणि रंगावरून बोट फिरवलं. रंग गुळगुळीत होता. इतर कड्यांवरही गंज काढल्यामुळे तसंच गुळगुळीत.

"इथं चिंधी असायची," ते म्हणाले. "दोन गाठींची."

त्या चिंध्या डोळ्यांसाठी कधी नव्हत्याच. आई किती वर्षं हे झाकून वागली होती, कोण जाणे. आणि आपण त्या चिंध्यांनी ब्रश पुसला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"ते मग," अप्पा म्हणाले. "दाढा किती लांब आहेत?"

तिनं मागे पाहिलं. "चार होड्या बसतील मध्ये."

"मग दोर लागेल. पन्नास तरी सोडावी लागेल. बस ब्रेकवर."

ब्रेकवर नवरा बसला, कारण त्याच्या हातात जोर होता. बारकी नाळेच्या टोकाशी वाकून पट्टे सांगायला उभी राहिली. अप्पा गुडघे टेकून रहाटाच्या मागे बसले आणि त्यांनी तळहात साखळीवर ठेवला.

"अप्पा, हात काढा. मी सांगतेय ना."

"हात काढला तर मी कशाला आहे इथं?" ते म्हणाले. पुढे कित्येक वर्षं ती याचं उत्तर शोधत राहिली.

साखळी निघाली. वाऱ्यानं होडी मागे ढकलली जात होती, त्यामुळे ती खडखडत नव्हती, ओरडत होती. बारकी सांगत होती, अजून नाही, अजून नाही, तीन पट्टे, तीस. "चालू दे," अप्पा म्हणाले. आता पुढची खूण पांढरी. सांध्याच्या आधीचा हातभर पांढरा रंग. तो दिसला की ब्रेक दाबायचा, आकडा लावायचा आणि मग सांधा हाताळायचा. तिनं पांढरा रंग निवडला होता तो दुरून दिसावा म्हणून. आता नाळेवर प्रत्येक लाटेचा फेस चढत होता, आणि साखळीवर, चाकावर, फळ्यांवर सगळीकडे पांढरंच पांढरं होतं.

त्यातच मागे लाट दाढेवर फुटल्याचा आवाज आला. फार जवळून. तिनं वळून पाहिलं. एकदाच, डोळा मिटून उघडावा इतकंच.

अप्पांचा हात बोचक्याची वाट पाहत होता. ते लागलं की हात मागे घ्यायचा, ही त्या हाताची सवय. बोचकं आलं नाही. आला तो सांधा. दोर खाचांत बसेना. तो उसळला, त्याचा वळसा चाकावरून निसटून मागे आला आणि ताणाखाली पुन्हा आवळला गेला. रहाट थांबला. नवऱ्यानं ब्रेक दाबला होता की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अप्पा ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "आकडा."

बारकी वळली तेव्हा त्यांचा उजवा हात दोर आणि लोखंडाच्या मध्ये होता, मनगटापर्यंत. सगळ्या होडीचा भार, वाऱ्यासकट, त्या बोटांवरून जात होता.

"आकडा लाव, बारके," ते पुन्हा म्हणाले, समजुतीच्या सुरात, जणू अडचण तिचीच होती. "चाकाच्या पुढे. साखळीत. मग खुंटाला बांध. मग ब्रेक सोडा. आधी आकडा."

तिनं आकडा लावला. बोटं तिची नव्हती, आईची असावीत, कारण त्यांना चुकायचं माहीत नव्हतं. आकड्याचा दोर खुंटाला तीन वळसे देऊन बांधला. नवऱ्यानं ब्रेक कडीभर सोडला. भार आकड्यावर आला, दोर सैल झाला आणि अप्पांनी हात बाहेर घेतला. तो त्यांनी पाहिला नाही. छातीशी धरून बाजूला सरकले आणि म्हणाले, "आता दोर गुळगुळीत चाकावर. तीन वेढे. मग आकडा काढा. सोडा."

दोर सुटला. तिनं हातानं वाव मोजत सोडला. पन्नास झाले तेव्हा अप्पा म्हणाले, दाबा. बगळी मागे गेली, आणखी मागे गेली. दाढेवरचं शेवाळ दिसू लागलं, शेवाळातले शिंपले दिसू लागले. मग दोर ताठ झाला, त्यातून पाणी पिळून निघालं, आणि होडीनं नाळ वाऱ्याकडे वळवली आणि थांबली.

बारकीनं दोरावर तळवा ठेवला. दोर मुका होता.

ओढणी फाडून तिनं अप्पांच्या हाताला पट्ट्या बांधल्या. एकीवर एक, गाठी मारत. मधली तीन बोटं राहणार नाहीत हे तिला कळत होतं. ज्या बोटांनी ते बघत होते, ती हीच.

"घट्ट बांध," अप्पा म्हणाले.

नवरा बाजूला बसून होता. "मी बोललो असतो तर," तो म्हणाला. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा अप्पा म्हणाले, "मी विचारलं असतं तर. मी परीक्षा घेत बसलो."

पहाटे वारा पडला. दाढांच्या टोकावर ऊन आलं. अप्पा रात्रभर जागेच होते, तोंड किनाऱ्याकडे करून.

"जावईबापू," ते म्हणाले, "त्या झाडामागे पांढरा दगड आहे का आता?"

नवऱ्यानं पाहिलं. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "परीक्षा का?"

"नाही," अप्पा म्हणाले. "मला दिसत नाही, म्हणून विचारतोय."

नवऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं. झाड, दगड, पाण्याचा रंग, ढग, किनाऱ्यावर कोण उभं आहे. न विचारलेलंही सांगितलं. बराच वेळ सांगत होता.

सुताराकडे बगळी वर ओढली गेली, फळ्या बदलल्या गेल्या. दवाखान्यात अप्पांची तीन बोटं काढली. थोरला लेक येऊन गेला, मोठ्यानं बोलला, हळू रडला, आणि म्हणाला, आता ही होडी विका. अप्पांनी त्याचंही सगळं ऐकून घेतलं.

बगळी पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी बारकी सुताराच्या आवारात साखळी पसरून बसली होती. घरातली एक जुनी चादर तिनं आणवली होती. लाल पट्ट्यांवरच चिंध्या बांधत होती. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. बोचक्याला तर तिनं अख्खा कोपरा गुंडाळला. पाठीमागे अप्पांची काठी वाजली. ते खाली बसले, उजवा हात मांडीवर ठेवला, आणि डावा साखळीवर टेकला. तो हात अजून नवशिका होता. कडीकडीवर अडखळत होता.

"उद्या वारा कसा असेल?" तिनं विचारलं. तिला खरं तर दुसरंच विचारायचं होतं. उद्या ते रहाटामागे बसणार का, हे.

त्यांनी गाल वर केला. हात चाचपडत पुढे गेला, पहिल्या चिंधीवरून, मग दुसऱ्या. तिथं थांबला.

"दुसरीची एक गाठ ढिली आहे," ते म्हणाले. "तुझी आई ओढून बांधायची."

तिनं ती गाठ सोडली, दातात धरली आणि ओढून पुन्हा बांधली. मग त्यांचा हात धरून तिसरीवर नेऊन ठेवला.